रविवारी मेस बंद असते तेव्हा: कॉलेजच्या मुलांसोबत शिष्यत्वाचा अभ्यास कसा सुरू करावा

पुण्यात शिकायला आलेल्या कुठल्याही मुलाला विचारा, घरची आठवण सगळ्यात जास्त कधी येते? रविवारी संध्याकाळी, असंच बहुतेक जण सांगतील. त्या वेळी मेस बंद असते. रूमवरचे मित्र कुठे कुठे गेलेले असतात, सोमवारचं जर्नल अपुरं असतं आणि पोटात फक्त वडापाव असतो. आमच्या घरचा हा अभ्यास, म्हणजे बायबल एकत्र वाचून येशूच्या मागे चालायला शिकणं, याच वेळी सुरू झाला. ठरवून काही केलं नव्हतं. सकाळी उपासनेनंतर भेटलेल्या दोन मुलांना मी सहज खिचडी खायला बोलावलं. जेवण झाल्यावर त्यांतल्या एकाने भांडी घासता घासता विचारलं, "मावशी, बायबल वाचायचं ते सुरुवात कुठून करतात?" मुलगा ख्रिस्ती घरातला, लहानपणी संडे स्कूलच्या पाठांतराची बक्षिसं मिळवलेला, वय १९. वचनं त्याला पाठ होती, पण अख्खं पुस्तक हातात धरून वाचायचं कसं हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं.

तुमच्या मंडळीतही, म्हणजे चर्चमध्येही, अशी मुलं येत असतील. शेवटच्या बाकावर बसतात, शेवटचा आशीर्वाद झाला की निघून जातात. त्यांच्यासाठी काही करावं असं वाटणाऱ्या, पण आजवर असं काही न केलेल्या माणसांसाठी हा लेख आहे. तुम्ही मंडळीतलं एखादं जोडपं असाल, तरुण संघाचे नवे कार्यकर्ते असाल, किंवा हॉस्टेलवरचे थर्ड इयरचे विद्यार्थी असाल. थिऑलॉजीची पदवी लागत नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ लागते, आणि ती किमान एक वर्ष सलग लागते.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते. बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानात, तिसऱ्या अध्यायाच्या चौदाव्या वचनात, येशू बारा जणांना निवडतो. कशासाठी, हे तिथेच लिहिलंय. उपदेशाला पाठवणं हे कारण दुसरं येतं. पहिलं कारण, त्यांनी त्याच्याबरोबर असावं. मी पहिल्या वर्षी हे उलट केलं. ५२ रविवारांचे ५२ धडे असलेली जाड वही तयार केली, रेघा मारून, संदर्भ लिहून. सात मुलं आली होती, दिवाळीपर्यंत दोन उरली. दिवसभर लेक्चर ऐकून दमलेल्या मुलांना मी सातवं लेक्चर देत होते. वही अजून माळ्यावर आहे. त्यानंतर जे काही शिकले ते खाली क्रमाने लिहिते.

पहिलं पाऊल: पाळकांना भेटा

कुणालाही बोलावण्याआधी तुमच्या पाळकसाहेबांकडे जा आणि काय करणार आहात ते सांगा. कोण येणार, कुठे बसणार, काय वाचणार. हे परवानगीपुरतं नाही. मुलांच्या आयुष्यात पुढे बाप्तिस्मा, स्थिरीकरण (कन्फर्मेशन), लग्न, घरातलं आजारपण असे प्रसंग येणार, तेव्हा त्यांना मंडळी लागेल. तुमची बैठक रविवारच्या उपासनेच्या जागी आली तर चार वर्षांनी मुलाच्या हाती काहीच राहणार नाही, कारण तो नोकरीला दुसऱ्या गावी गेल्यावर तुमचा हॉल तिथे नसेल, मंडळी मात्र असेल.

मुलं एकाच मंडळीतली नसतात. नगर, जालना, सोलापूर, नागपूर, कुठून कुठून येतात आणि प्रत्येकाची उपासनेची रीत निराळी. वसईचा कॅथलिक मुलगा आला तर त्याची मिस्सा त्याचीच राहू द्या. त्याच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात, आपल्यात ६६. पहिल्याच दिवशी त्यावर वाद घालायचं काही कारण नाही. मार्क दोघांच्याही बायबलमध्ये सारखाच आहे.

शहरात विद्यार्थ्यांमध्ये आधीपासून काम करणारी माणसं आहेत का, तेही विचारून घ्या. स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट भारतात १९१२ पासून आहे, कॅथलिक विद्यार्थ्यांची आयकफ १९२४ पासून, आणि युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया (यू.ई.एस.आय.) १९५४ पासून. या तिन्हींचा स्वभाव वेगवेगळा आहे. जवळपास त्यांचा गट असेल तर महिनाभर त्यांच्यात बसा, मग ठरवा. कॉलेजजवळ चांगला गट चालू असताना त्याच्या शेजारी दुसरा काढण्यापेक्षा त्यांच्या रविवारच्या जेवणाची सोय करणं जास्त उपयोगाचं होईल.

दुसरं पाऊल: चार मुलं पुरेत

पोस्टर लावू नका. व्हॉट्सॲपवर शंभर जणांना मेसेज टाकू नका. उपासनेनंतर दारात उभं राहा, ओळखीचा नसलेला चेहरा दिसला की "कुठून आलात? कुठे शिकता?" एवढं विचारा. जुलै, ऑगस्ट हे महिने महत्त्वाचे. ॲडमिशन झालेली असते, मित्र अजून ठरलेले नसतात. सप्टेंबर उलटला की मुलाची रविवारची सवय पक्की होते, मग ती मोडणं कठीण.

चार ते सहा मुलं असली की सगळे बोलतात. आठ झाली की दोन गप्प बसतात. दहाच्या वर गेलात तर पुन्हा व्याख्यान सुरू होतं. जास्त आली तर दोन गट करा. एकाच खोलीच्या दोन कोपऱ्यांत बसले तरी चालेल.

ख्रिस्ती नसलेला रूममेट कुतूहलाने सोबत आला तर? त्याला जेवायला वाढा, बसू द्या, प्रश्न विचारू द्या, आणि इथे काय चालतं ते पहिल्याच भेटीत मोकळेपणाने सांगा. त्याच्यावर कसलाही जोर नको, आडून आडूनही नको. फी भरायला मदत, नोकरीची ओळख, अशा कुठल्याही गोष्टीची सांगड विश्वासाशी कधीच घालू नका. ते चूक आहे, आणि अनेक राज्यांत त्याबद्दल कायदेही आहेत. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा झाला १९०० मध्ये. नवराबायकोच्या मधली ही पाच वर्षं आहेत. ज्याचा त्याचा वेळ म्हणजे काय, हे आपल्या मराठी मंडळीला वेगळं शिकवावं लागू नये.

तिसरं पाऊल: जागा, वेळ, जेवण

घरासारखी जागा नाही. घर शक्य नसेल तर चर्चचा हॉल. कॉलेजचा वर्ग शक्यतो टाळा. राज्यघटनेच्या कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि अनुदानित किंवा मान्यताप्राप्त संस्थेतही कुणाला संमतीशिवाय बसवता येत नाही. कलम २५ आपल्याला विश्वास पाळण्याचं स्वातंत्र्य देतं. ते जपायचं तर जागेचे नियम पाळलेले बरे. हॉस्टेलच्या खोलीत बसायचं असेल तर रेक्टरना विचारून बसा. लपूनछपून काही करू नका.

वेळ रविवारी सहा ते आठ. मुलींच्या हॉस्टेलचं गेट कधी बंद होतं ते आधी विचारून घ्या आणि त्याच्या पाऊण तास आधी संपवा. एकदा एका मुलीला आमच्यामुळे उशीर झाला, रेक्टरनी घरी फोन केला, आणि तिच्या वडिलांनी तिचं येणं बंद केलं. वडिलांचं काही चुकलं नव्हतं. चूक आमची होती. तेव्हापासून भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून बसायचं काम माझ्या नवऱ्याकडे आहे.

जेवण आधी ठेवा, अभ्यास नंतर. भुकेल्या मुलाला मार्क दिसत नाही. साधंच करा. आठ जणांना चार वाट्या तांदूळ आणि दोन वाट्या मूगडाळ यांची खिचडी, पापड, लोणचं, ताक. प्रत्येक वेळी चिकन केलंत तर तीन महिन्यांत तुम्हीच दमाल आणि अभ्यास बंद पडेल. मुलांना चिरायला बसवा, वाढायला लावा, भांडी घासायला लावा. माझ्या अनुभवात खरं बोलणं मोरीपाशी होतं. समोरासमोर बसून जे तोंडातून निघत नाही ते पातेलं घासताना निघतं.

वर्गणी घेऊ नका. महिन्यातून एखाद्या वेळी कुणी केळी आणली तर मात्र आनंदाने घ्या.

चौथं पाऊल: मार्क वाचा, सगळा

नवशिक्यांना वाटतं की तरुणांसाठी विषय हवेत: प्रेम, करिअर, मोबाइल. विषय घ्यायला हरकत नाही, पण विषय निवडला की उत्तरं आपण आधीच ठरवलेली असतात आणि मुलांना ते लगेच कळतं. पुस्तक सलग वाचलं की ते आपल्यालाही अडचणीत आणतं. म्हणून पहिल्या वर्षी एकच शुभवर्तमान घ्या. मार्काचे अध्याय १६. चारांतलं हे सर्वांत लहान, आणि त्यात माणसं सारखी चालत असतात.

वर्षाची मांडणी मी अशी करते. ऑगस्ट ते दिवाळी, पहिले आठ अध्याय. दिवाळीच्या सुट्टीत मुलं घरी जातात, सेमिस्टरच्या परीक्षा असतात, तेव्हा खंड पडणारच. तो धरूनच चाला. नोव्हेंबर, डिसेंबरमध्ये मधला भाग. नाताळच्या आठवड्यात अभ्यास नको, कॅरल्सना जाऊ द्या. जानेवारीपासून यरुशलेमेतला शेवटचा आठवडा, अकराव्या अध्यायापासून पुढे, म्हणजे ईस्टरच्या सुमारास सोळावा अध्याय येतो. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान कधीही येतो, तेव्हा कॅलेंडर बघून मागेपुढे करा.

प्रत्येक बैठकीत प्रश्न तीनच. काय लिहिलंय? त्याचा अर्थ काय? मग आपलं काय? पहिल्या प्रश्नाला अर्धा वेळ द्या. हे सांगायला सोपं आहे आणि करायला फार अवघड, कारण ख्रिस्ती घरातल्या मुलांना अर्थ आधीच ठाऊक असतो. ती वचन वाचतच नाहीत, लहानपणी ऐकलेला संदेश आठवतात. त्यांना पुन्हा पानाकडे आणा. "हे कुठल्या ओळीत आहे?" हा माझा सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न असेल.

दुसऱ्या अध्यायाचं उदाहरण देते. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघं उचलून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही, म्हणून छप्पर उघडतात. मूळ ग्रीकमध्ये मार्क म्हणतो, त्यांनी छत खणलं. रत्नागिरीची एक मुलगी म्हणाली, "खणलं कसं? कौलं काढली असतील ना?" तेवढ्यात जालन्याचा मुलगा ताडकन उठून बसला. "अगं, माळवद असेल! आमच्या आजोबांचं घर तसंच आहे. लाकडं, वर काटक्या, वर पांढरी माती. खणावंच लागतं." मग त्याने सांगितलं, माळवद फोडलं की खाली किती माती पडते, घरधन्याला पुढच्या पावसाच्या आधी ते बुजवायला किती कष्ट पडतात. आम्ही सगळे त्या घरधन्याचा विचार करू लागलो. मार्क त्याच्याबद्दल एक शब्द बोलत नाही. नंतर मी त्यांना लूकचा पाचवा अध्याय काढायला लावला. तिथे त्याच गोष्टीत कौलांचा उल्लेख आहे. कोकण आणि मराठवाडा, दोन्ही समाधानी! पण त्या संध्याकाळचा खरा लाभ वेगळाच होता. जालन्याचा मुलगा तोवर तीन महिने गप्प होता, इंग्रजी मीडियमच्या मुलांपुढे बिचकायचा. त्याला कळलं की त्याच्या आजोबांच्या घरामुळे त्याला पवित्र शास्त्र इतरांपेक्षा जास्त नीट दिसतं.

मधल्या भागाला घाई करू नका. आठव्या अध्यायाच्या बाविसाव्या वचनापासून दहाव्या अध्यायाच्या शेवटापर्यंत, या पट्ट्याला निदान पाच रविवार द्या. शिष्यत्वाबद्दल मार्काला जे सांगायचंय त्याचा गाभा इथे आहे, आणि त्याने तो फार कौशल्याने रचलाय. पट्ट्याच्या सुरुवातीला बेथसैदा इथला आंधळा आहे, शेवटी यरीहोचा बार्तीमय. दोन आंधळ्यांच्या मध्ये येशू तीनदा सांगतो की मला दुःख सोसून मरायचं आहे: ८:३१, ९:३१ आणि १०:३३. तिन्ही वेळा शिष्यांचा गोंधळ होतो. पहिल्यांदा पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो. दुसऱ्यांदा वाटेत वाद चालतो, आपल्यात मोठा कोण. तिसऱ्यांदा याकोब आणि योहान उजव्याडाव्या हाताची जागा मागतात. आणि तिन्ही वेळा येशू त्यांना पुन्हा शिकवायला बसतो.

हे मुलांना तुम्ही सांगू नका. एक मोठा कागद जमिनीवर पसरा, तीन रकाने आखा, आणि त्यांनाच शोधायला लावा. शोधल्यावर जो आरडाओरडा होतो तो ऐकण्यासारखा असतो. मग बेथसैदाच्या आंधळ्याकडे परत जा. त्याला पहिल्या स्पर्शात अर्धवट दिसतं, माणसं चालत्या झाडांसारखी. नीट दिसायला दुसरा स्पर्श लागतो. शिष्यांनाही अजून अर्धवटच दिसतंय, हे कुणीतरी बोलतंच. आमच्याकडे हे बोललेली मुलगी इंजिनिअरिंगला तीन विषयांत केटी लागून आलेली होती. ती पुढे म्हणाली, "म्हणजे अर्धवट दिसत असताना पण तो सोबत चालू देतो." यावर मी काहीच जोडलं नाही. तुम्हीही अशा वेळी काही जोडू नका.

शिष्य हा शब्द मराठीत गुरुगृहातून आलाय, त्यामुळे गटाच्या पुढाऱ्याला गुरू समजण्याची ओढ मुलांना असते. ती वेळीच थांबवा. मत्तय २३:८ मध्ये येशूने सांगितलंय की तुमचा गुरू एकच आहे आणि तुम्ही सगळे भाऊ आहात. मुलाने काय शिकावं, कुणाशी लग्न करावं, सुट्टीत घरी जावं की नाही, हे ठरवणारा गट शिष्यत्वाच्या नावाखाली दुसरंच काही करत असतो. असा गट दिसला तर मुलाला तिथून बाहेर पडायला मदत करा.

पाचवं पाऊल: शब्द फोडा

आपली चर्चमधली मराठी मुलांना अर्धीच कळते. त्यांचा अभ्यास इंग्रजीत, गप्पा मिश्र भाषेत, प्रार्थना आजीच्या मराठीत. तारण, नीतिमान, पश्चात्ताप, अनुग्रह हे शब्द ती सहज उच्चारतात आणि अर्थ विचारला की छताकडे बघतात.

एकदा बी. कॉम.च्या मुलाला विचारलं, तारण म्हणजे काय? तो प्रामाणिकपणे म्हणाला, "सोनेतारण कर्ज असतं ना, तसं. काहीतरी गहाण ठेवणं." बाकीचे हसले, कारण चर्चमध्ये तारण म्हणजे पापातून सुटका. मी त्यांना थांबवलं, कारण पुढच्याच महिन्यात दहावा अध्याय येणार होता. तिथे ४५ व्या वचनात आपल्या मराठी बायबलमध्ये शब्द आहे खंडणी. आजच्या मुलांना खंडणी म्हणजे व्यापाऱ्याला फोनवरून मिळणारी धमकी. पण कैदेत किंवा दास्यात पडलेल्याला सोडवायला दिलेलं मोल, हा तिथला अर्थ आहे. गहाण पडलेलं सोनं सोडवून आणताना आईच्या चेहऱ्यावर काय असतं, हे त्या मुलाने पाहिलेलं होतं. त्याच्या चुकीच्या उत्तरानेच आम्हाला बरोबर जागी नेलं.

म्हणून एक वही ठेवा. दर रविवारी एक शब्द, त्याचा अर्थ तो शब्द न वापरता, मुलांच्या भाषेत. वर्षाअखेर ती वही त्यांचीच असते. पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याची शेवटची वर्षं याच कामाला दिली: इब्री (हिब्रू) आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणायचं. १९२२ मध्ये त्या गेल्या तेव्हा ते काम हातावेगळं झालं होतं, आणि १९२४ मध्ये ते भाषांतर प्रसिद्ध झालं. एवढं मोठं काम आपल्याला करायचं नाही. एक वही करायची आहे.

गाणी दोन्ही घ्या. गिटारवरचं इंग्रजी गाणं त्यांना हवं असतं, ते म्हणू द्या. सोबत 'उपासना संगीत' या आपल्या मराठी गीतपुस्तकातलं एक, सावकाश, अर्थ विचारत. टिळकांची पदं त्यांनी आजीच्या तोंडून ऐकलेली असतात. शब्द पहिल्यांदाच वाचतात.

सहावं पाऊल: एकेकासोबत चाला

गटात कळत नाही ते दोघंच चालताना कळतं. महिन्यातून एकदा प्रत्येकाशी स्वतंत्र भेट ठेवा, चहाच्या टपरीवर, टेकडीवर फिरताना. मुलींना बाईने भेटावं, मुलांना पुरुषाने. भेट उघड्यावर, चार माणसांच्या नजरेत असू द्या. बंद खोलीत कधीच नको, आणि हा नियम सर्वांत विश्वासू माणसालाही लागू.

विचारायचं काय? अभ्यास कसा चाललाय, घरी कसं आहे, झोप होते का, या महिन्यात काय वाचलं, कशासाठी प्रार्थना करू. मोबाइल तपासणं, पापांची यादी मागणं असले प्रकार नकोत. जे सांगितलं ते तुमच्यापाशीच राहील; फक्त जीवाला धोका असेल किंवा कुणी कुणाचं शोषण करत असेल तर मी गप्प बसणार नाही, हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवा.

स्वतः प्रार्थना करायला बरीच मुलं घाबरतात. एका वाक्यापासून सुरुवात करून द्या. किंवा स्तोत्र मोठ्याने वाचून घ्या. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र १३ मला फार उपयोगी पडलंय. त्याची वचनं सहा. पहिल्या दोन वचनांत, हे कुठवर चालायचं, असं चार वेळा देवाला विचारलंय. नापास झालेल्या मुलाला कुणीतरी आधी हे सांगायला हवं की देवाशी असंही बोलता येतं.

आणि प्रार्थना पुरत नाही अशी वेळ ओळखा. मूल जेवत नसेल, आठवडे कॉलेजला जात नसेल, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा बोलत असेल, तर वचन पाठवत बसू नका. सोबत जाऊन डॉक्टरांना दाखवा, घरच्यांशी बोला. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक केंद्र सरकारचा आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. तो क्रमांक आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे, कुणी न विचारता बघू शकेल असा.

कागदावरचं नाव

याला पाऊल म्हणता येत नाही, पण महाराष्ट्रात हे काम करणाऱ्याला टाळताही येत नाही. आपल्या मंडळींतली कितीतरी कुटुंबं दलित समाजातून आलेली आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. त्यामुळे काही घरांत चर्चच्या रजिस्टरात एक नाव असतं आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं. मूल हे ओझं घेऊन ॲडमिशनच्या रांगेत उभं राहतं, आणि मग चर्चमध्ये त्यालाच ढोंगी म्हटलं जातं.

तुम्ही त्याला न्याय सांगायला बसू नका. आधी ऐका. आजोबांनी कोणत्या परिस्थितीत काय ठरवलं हे त्याला सांगू द्या. मग एखाद्या रविवारी दानीएलाचा पहिला अध्याय काढा. परक्या राजाच्या शहरात तीन वर्षांचा अभ्यासक्रम, राजाच्या मेसचं जेवण, आणि दरबाराच्या कागदावर नवं नाव: बेल्टशस्सर. दानीएल ते नाव घेऊन जगतो, आणि दुसऱ्या अध्यायात संकट आल्यावर आपल्या तीन मित्रांकडे प्रार्थनेसाठी जातो. चौघांचा तो गट आहे. सरकारी फॉर्मवर खोटं लिहायची सोय या अध्यायात कुणी शोधू नये. ती तिथे नाही. पण दोन नावांच्या कात्रीत सापडलेल्या मुलाला आपण पहिले नाही, हे तिथे सापडतं. आमच्याकडे हा अध्याय वाचून झाल्यावर एक मुलगा म्हणाला, "माझं घरातलं नाव सांगू का?" तीन वर्षं आम्ही त्याला दाखल्यावरच्या नावाने हाक मारत होतो.

शेवटचं पाऊल: सोपवा

पौलाने तीमथ्याला दुसऱ्या पत्रात, दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनात जे सांगितलं त्यात चार पिढ्या आहेत: पौल, तीमथ्य, विश्वासू माणसं, आणि ती ज्यांना शिकवतील ती. तुमच्या गटातली मुलं तिसऱ्या पिढीत मोडतात. म्हणून दुसऱ्या वर्षी प्रश्न विचारायचं काम त्यांच्याकडे द्या. पहिल्यांदा ती अडखळतील. तुम्ही कोपऱ्यात बसा आणि मध्ये बोलू नका. हे मला अजूनही जड जातं. झाल्यावर दोघांनीच बसून बघा: कुठला प्रश्न चालला, कुठला नाही, कोण बोललं नाही. तिसऱ्या वर्षी त्यांनी नव्या चौघांना घेऊन स्वतंत्र बसावं. तुम्ही खिचडी करा.

मूल शेवटच्या वर्षाला आलं की जानेवारीपासून एक काम सुरू करा. प्लेसमेंट कुठे लागेल, लग्न होऊन कुठे जाईल, गावी परत जाईल का, ते विचारत राहा. गाव कळलं की तिथली मंडळी शोधा, पाळकांना फोन करा, मुलाचं नाव सांगा, रविवारची वेळ विचारून घ्या. बंगळुरूला जाणाऱ्या मुलांसाठी मराठी उपासना कुठे मिळते तेही विचारा. मूल तिथे पोचल्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊच्या सुमारास त्याला फोन करा, "निघालास का?" एवढंच विचारायला. दुसऱ्या रविवारीही करा. तिसऱ्या रविवारी बहुधा त्याचाच फोन येतो, आणि मागे लोकांच्या बोलण्याचा आवाज असतो.